भिंत नुसता आडोसा नव्हे

तुमच्या गावात सध्या एखादी तरी इमारत बांधली जात असेलच. शाळेतून घरी जाताना तिच्यापुढे पाच मिनिटे उभे राहा. अमरावतीच्या पश्चिमेला पूर्णेच्या खोऱ्यात वसलेले भातकुली घ्या, दर्यापूर घ्या, नाहीतर मूर्तिजापूर घ्या. घर बांधण्याची तऱ्हा आता सगळीकडे सारखीच झाली आहे. आधी काँक्रीटचे खांब उभे राहतात. खांबांवर तुळया, तुळयांवर स्लॅब, त्यावर पुन्हा खांब आणि पुन्हा स्लॅब. इमारतीचा सांगाडा पुरा झाला की मिस्त्री विटांची जोडाई करून मधल्या रिकाम्या चौकटी भरत जातो. वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे करायची असतात, तेथे चारी बाजूंनी भिंती येतात. खाली रस्त्याच्या बाजूला दुकाने काढायची असतात, तेथे भिंतीऐवजी लोखंडी शटर बसते. शहरात तेवढी जागा मोटारी लावण्यासाठी मोकळीच ठेवतात.

आता त्या मिस्त्रीला विचारा, "काका, ही मधली भिंत काढून टाकली तर घर पडेल का हो?"

तो हसून म्हणेल, "नाही रे बाबू! भार सगळा कॉलमवर आहे. भिंत म्हणजे नुसता आडोसा."

हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धेच खरे आहे. जमीन स्थिर आहे तोवर ते बरोबर आहे. जमीन हलू लागली की हीच 'आडोशाची' भिंत इमारतीच्या जीवनमरणाच्या खेळात उतरते. कधी ती इमारतीला वाचवते, कधी तीच इमारतीचा घात करते. असे का होते, ते आज आपण समजून घेऊ या.

पांढरीच्या भिंती आणि काँक्रीटची चौकट

तुमच्या आजोबांच्या काळचे वऱ्हाडातले घर आठवा. पांढरीच्या मातीच्या जाडजूड भिंती आणि वर धाबे. त्या घरात बहुतेक ठिकाणी भिंत म्हणजेच घर होते. छपराचे वजन भिंतीवर आणि भिंतीचे वजन जमिनीवर. अशा भिंतीला भारवाही भिंत म्हणतात.

अशा घरांना भूकंप सोसत नाही, हे महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन अनुभवले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली असताना, पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आसपासची गावे भूकंपाने हादरली. जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. तेथली घरे दगडांची होती. दगड मातीत बसवलेले होते आणि वर मातीचे जड छप्पर होते. भिंती सुटल्या आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर आले.

किल्लारीनंतर लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली, की मातीचे घर धोक्याचे आणि काँक्रीटचे घर सुरक्षित. यातही बरेच तथ्य आहे. लोखंडी सळया घातलेला काँक्रीटचा सांगाडा नीट बांधला तर भूकंपात पुष्कळ टिकाव धरतो. पण 'नीट बांधला तर' या तीन शब्दांत सगळे आले. काँक्रीट आहे एवढ्याने भागत नाही, हे पुढे आठ वर्षांतच दिसून आले. ती हकिकत सांगण्यापूर्वी आपण एक सोपा प्रयोग करू.

चौकट आणि पुठ्ठा

लाकडाच्या चार पट्ट्या घ्या. दोन ४० सेंटिमीटर लांबीच्या आणि दोन ३० सेंटिमीटर लांबीच्या. चारही कोपऱ्यांवर एकेक खिळा ठोकून आयताकृती चौकट बनवा. ही चौकट टेबलावर उभी धरून वरची पट्टी एका बाजूला ढकला. चौकट लगेच कलते आणि आयताचा समांतरभुज चौकोन होतो. आता चौकटीच्या आत नेमका बसेल असा जाड पुठ्ठ्याचा आयत कापून बसवा. खिळा किंवा गोंद वापरू नका, पुठ्ठा नुसता घट्ट बसवा. पुन्हा वरची पट्टी ढकला. आता चौकट हलता हलत नाही!

चौकट म्हणजे खांब आणि तुळया, पुठ्ठा म्हणजे विटांची भिंत. चौकटीत भरलेल्या अशा भिंतीला आपण भरावभिंत म्हणू.

पुठ्ठ्याने काय केले ते नीट पाहा. चौकट उजवीकडे कलू लागली की तिचा एक कर्ण आखूड होऊ पाहतो आणि दुसरा लांब होऊ पाहतो. आखूड होणाऱ्या कर्णाच्या दोन्ही टोकांशी पुठ्ठा चेपला जातो. लांब होणाऱ्या कर्णाच्या टोकांशी पुठ्ठा आणि चौकट यांत बारीकशी फट पडते. म्हणजे सगळा पुठ्ठा सारखे काम करीत नाही. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा तिरका पट्टाच मुख्यतः जोर घेतो. फळ्यांच्या दाराला सुतार मागून एक तिरकी पट्टी ठोकतो, ती आठवा. भरावभिंतीच्या पोटात अशीच एक न दिसणारी तिरकी पट्टी दडलेली असते.

भिंतीच्या पोटातला टेका

विटांची भिंत दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला मुळीच सोसत नाही. म्हणून चौकट कलली की भिंत लांब होणाऱ्या कर्णाकडे सुटते आणि आखूड होणाऱ्या कर्णावर टेक्यासारखी उभी राहते. चौकट उलट बाजूला कलली की दुसऱ्या कर्णावर टेका तयार होतो. भूकंपात इमारत इकडून तिकडे हलत असते. त्यामुळे टेका क्षणाक्षणाला बाजू बदलतो. भूकंपानंतर भिंतीवर फुलीच्या आकाराच्या भेगा दिसतात, त्यांचे कारण हेच. दोन कर्ण, दोन टेके आणि दोन तिरक्या भेगा.

भातकुलीकडच्या मुलांना भिंतीच्या भेगा नवीन नाहीत. आपली काळी चिकण जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरच्या भिंती तडकतात. पण त्या भेगा महिनोन्महिने हळूहळू वाढतात आणि बहुधा खिडक्यादारांच्या कोपऱ्यांतून निघतात. भूकंपाची फुली काही सेकंदांत पडते. दोन्ही भेगांत एक नाते मात्र आहे. जी भिंत आधीच तडकलेली आहे, तिच्या पोटातला टेका भूकंप येण्यापूर्वीच अशक्त झालेला असतो.

या टेक्याचा हिशेब मांडण्याचे प्रयत्न १९५०च्या दशकात सोव्हिएत संशोधक पोल्याकोव्ह यांनी सुरू केले. १९६१ मध्ये होम्स या ब्रिटिश अभियंत्याने एक सोपा नियम सुचवला. भिंतीच्या जागी एक तिरका टेका आहे असे समजा आणि त्याची रुंदी कर्णाच्या एकतृतीयांश धरा. चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच चौकटीचा कर्ण किती? पायथागोरसचा सिद्धांत तुम्हाला ठाऊकच आहे. ३ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज २५, म्हणून कर्ण ५ मीटर. होम्सच्या नियमाने टेक्याची रुंदी सुमारे १.७ मीटर आली. पुढील संशोधनानंतर ही रुंदी बरीच कमी धरू लागले, पण मूळ कल्पना आजही तीच आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ सालच्या भूकंपविषयक संहितेतही भरावभिंतीसाठी असाच टेका धरायला सांगितला आहे.

भिंत देते, तशी मागतेही

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, मग काय, जितक्या भिंती जास्त तितके चांगले! थोडे थांबा. भिंतीला वजन असते. चार मीटर लांब, २.६ मीटर उंच आणि नऊ इंची, म्हणजे २३ सेंटिमीटर जाड अशी एक भिंत घ्या. तिचे घनफळ सुमारे २.४ घनमीटर भरते आणि वजन सुमारे साडेचार टन. आपल्या वऱ्हाडी मापात सांगायचे तर कापसाच्या १७० किलोच्या सव्वीसेक गाठी प्रत्येक चौकटीत रचून ठेवल्यासारखे झाले! जमीन हलते तेव्हा प्रत्येक वस्तू जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते. वस्तू जितकी जड, तितके तिच्यामुळे खांबांवर येणारे आडवे बल अधिक.

दुसरी गोष्ट इमारतीच्या झोक्याची. झोपाळ्याला जसा ठराविक दोलनकाल असतो, तसा प्रत्येक इमारतीलाही असतो. आपल्या संहितेत त्यासाठी साधी सूत्रे दिली आहेत. बारा मीटर उंच इमारतीचा नुसता सांगाडा धरला तर दोलनकाल सुमारे ०.४८ सेकंद येतो. त्याच इमारतीच्या चौकटी भिंतींनी भरल्या आणि हलण्याच्या दिशेने तिची लांबी १६ मीटर असली, तर दोलनकाल सुमारे ०.२७ सेकंद येतो. वस्तुमान तेच धरले तर ताठपणा दोलनकालाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ०.४८ ला ०.२७ ने भागून वर्ग करा. उत्तर तीनाहून थोडे अधिक येते. म्हणजे मिस्त्रीने 'आडोसा' म्हणून बांधलेल्या भिंतींनी इमारत तिपटीहून अधिक ताठ झाली.

ताठ इमारत कमी कलते, हा फायदा. पण झटपट झोके घेणाऱ्या ताठ इमारतीवर भूकंपाचे बलही बहुधा अधिक येते. भिंती जर खालपासून वरपर्यंत आणि सर्व बाजूंना सारख्या असतील, तर हे वाढलेले बल त्या स्वतःच अंगावर घेतात आणि फायदा तोट्याहून मोठा ठरतो. कच्च्या हिशेबाने बांधलेल्या कितीतरी इमारती भूकंपात केवळ भिंतींच्या आधाराने उभ्या राहिल्या आहेत. घोटाळा होतो तो भिंती काही ठिकाणी असल्या आणि काही ठिकाणी नसल्या तर.

अहमदाबादचा धडा

२६ जानेवारी २००१. प्रजासत्ताक दिनाची सकाळ. ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भुजजवळ मोठा भूकंप झाला. भूकंपमापन श्रेणीवर त्याची नोंद ७.७ झाली. तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. कच्छमध्ये हानी झाली याचे नवल नव्हते. नवल वाटले ते अहमदाबादचे. हे शहर भूकंपाच्या केंद्रापासून सव्वादोनशे किलोमीटरांहून दूर आहे. तरीही तेथे शंभराहून अधिक काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे मरण पावली. या इमारती जुन्यापुराण्या नव्हत्या. त्यांतल्या बऱ्याचशा अलीकडच्या काळात बांधलेल्या होत्या.

पडलेल्या अनेक इमारतींत एक साम्य आढळले. वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे आणि चहूकडे भिंती, तळमजला मात्र मोटारी ठेवण्यासाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा.

शेतात राखणीसाठी चार बल्ल्यांवर बांधलेले मचाण आठवा. मचाण हलवले तर वरचा माळा वाकतो का? नाही. तो एकसंध राहतो आणि खालच्या बल्ल्याच तेवढ्या वाकतात. अशा इमारतींचे तसेच होते. वरचे मजले भिंतींमुळे एखाद्या पेटीसारखे ताठ झालेले असतात, त्यामुळे ते जवळजवळ एकत्रच हलतात. इमारतीला जेवढे म्हणून कलायचे असते, तेवढे सगळे कलणे एका तळमजल्याच्या खांबांच्या वाट्याला येते. जे पाच मजल्यांनी वाटून घ्यायचे, ते एकालाच सोसावे लागते. खांबांची टोके फुटतात, सळया वाकतात आणि वरचा सगळा डोलारा खाली बसतो. काही ठिकाणी वरचे मजले बऱ्याच अंशी शाबूत राहिले आणि तळमजला मात्र नाहीसा झाला. अशा तळमजल्याला अभियंते 'मऊ मजला' म्हणतात. तेथले काँक्रीट मऊ नसते; वरच्यांच्या तुलनेत तो मजला मऊ असतो.

अहमदाबादला दोष केवळ मोकळ्या तळमजल्याचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. खांबांतल्या रिंगा विरळ होत्या, काही ठिकाणी कामाचा दर्जा वाईट होता आणि शहराखाली साबरमतीने आणून टाकलेल्या गाळाचा जाड थर होता. गाळाच्या जमिनीत भूकंपाचे हेलकावे वाढतात. पूर्णेच्या खोऱ्यातल्या आपल्या गावांखालीही नदीचा गाळच आहे आणि खडक लागेपर्यंत पुष्कळ खोल जावे लागते, हे भातकुलीच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

या धोक्याची सूचना आधी मिळाली नव्हती का? मिळाली होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सान फर्नांडो येथे ९ फेब्रुवारी १९७१ रोजी भूकंप झाला, तेव्हा ऑलिव्ह व्ह्यू नावाच्या नव्याकोऱ्या रुग्णालयाचे ताठ वरचे मजले उभे राहिले आणि खांबांवरचे खालचे मजले इतके कलले, की पुढे ती इमारत पाडावी लागली. आपल्याकडे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील जसवंत आर्लेकर, सुधीर जैन आणि सी. व्ही. आर. मूर्ती यांनी १९९७ मध्ये, म्हणजे भुजच्या भूकंपापूर्वी चार वर्षे, मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींचा हिशेब मांडून हा धोका दाखवून दिला होता. ज्ञान होते. ते बांधणाऱ्याच्या हातापर्यंत पोहोचले नव्हते.

भुजनंतर २००२ मध्ये संहिता बदलली. भिंती न धरता केलेल्या हिशेबात जेवढे भूकंपबल येते, त्याच्या अडीचपट बल सोसतील असे मोकळ्या मजल्याचे खांब आणि तुळया असाव्यात, असा नियम आला. २०१६ मध्ये याहून पुढे जाऊन अशा मजल्यात काँक्रीटच्या भिंती किंवा तिरक्या बंधांच्या चौकटी घालून त्याची ताकद आणि ताठपणा वाढवावा, असे सांगितले गेले.

शाळेची अर्धी भिंत

आता तुमच्या वर्गाकडे वळू. वर्गाच्या एका बाजूला दोन खांबांच्या मध्ये अर्ध्या उंचीपर्यंत भिंत आणि तिच्या वर खांबापासून खांबापर्यंत सलग खिडक्या असतील. हवा आणि उजेड यांसाठी ही सोय उत्तम. भूकंपाच्या दृष्टीने मात्र येथे एक सापळा आहे.

खांब तीन मीटर उंच आहे. त्याचा खालचा दीड मीटर भाग अर्ध्या भिंतीने दोन्ही बाजूंनी आवळून धरला आहे. तो भाग वाकू शकत नाही. वाकायला उरला फक्त वरचा दीड मीटर. खांबाचा ताठपणा त्याच्या मोकळ्या उंचीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. उंची निम्मी झाली की ताठपणा दोनाच्या घनाइतका, म्हणजे आठपट होतो! त्याच खोलीच्या दुसऱ्या बाजूला भिंत नसलेला पूर्ण उंचीचा खांब असेल, तर वरचा स्लॅब दोघांनाही सारखाच ढकलतो आणि 'आखूड' खांबाच्या वाट्याला आठपट बल येते. त्याला तेवढी ताकद दिलेली नसते, कारण नकाशा करताना तो तीन मीटरांचाच धरलेला असतो. मग खिडकीच्या उंचीवर त्याला फुलीच्या भेगा पडतात आणि तो फुटतो. अभियंते याला 'आखूड खांबाचा परिणाम' म्हणतात. भूकंपांत शाळांच्या इमारतींचे असे नुकसान जगभर वारंवार झाले आहे.

पाहा, येथे भिंत गळून पडली नाही, की कमजोरही नव्हती. ती अर्धीच होती, एवढाच तिचा दोष.

कोपऱ्यावरचे दुकान

तिसरी तऱ्हा बाजारपेठेत पाहायला मिळते. चौकातल्या कोपऱ्यावरच्या इमारतीला दोन बाजूंनी रस्ता असतो. त्या दोन्ही बाजूंना शटर आणि मागच्या दोन बाजूंना सलग भिंती. ही इमारत म्हणजे बिजागऱ्यांवर बसवलेले दारच म्हणा ना. दाराला ढकलले तर ते सरळ सरकत नाही, बिजागरीभोवती फिरते. तशीच ही इमारत भिंतींच्या ताठ कोपऱ्याभोवती पिळली जाते. सर्वांत जास्त हेलकावा बसतो तो रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या एकट्या खांबाला. गंमत अशी की जागा अडते म्हणून तोच खांब पुष्कळदा बारीक केलेला असतो.

पण आपल्याकडे भूकंप होतो कुठे?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. २००२ आणि २०१६ च्या संहितांतील नकाशात देशाचे भूकंपाच्या धोक्यानुसार दुसरा ते पाचवा असे चार विभाग केले होते. विदर्भाचा बराच मोठा भाग त्यांत सर्वांत कमी धोक्याच्या दुसऱ्या विभागात येतो. उत्तरेकडचा सातपुडा आणि नर्मदेचा पट्टा तिसऱ्या विभागात येतो. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, किल्लारीसुद्धा १९९३ पूर्वीच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होती. तो पहिला विभागच २००२ मध्ये रद्द करून दुसऱ्यात मिळवला गेला. दुसरी, सातपुड्यात १४ मार्च १९३८ रोजी सहाहून अधिक महत्तेचा भूकंप झालेला आहे आणि २२ मे १९९७ रोजी जबलपूरला ५.८ महत्तेचा भूकंप झाला. गाविलगडच्या डोंगरांच्या दक्षिण कडेने जाणारा भूस्तरांचा मोठा तडा भूशास्त्रज्ञांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तिसरी, अहमदाबादने दाखवून दिले, की भूकंप आपल्या पायाखालीच व्हावा लागतो असे नाही.

नकाशावरचा 'कमी' हा शब्द 'नाही' या अर्थाचा नसतो. घर एकदा बांधले की साठ-सत्तर वर्षे उभे राहते. तेवढ्या काळात एकदाच येणाऱ्या अर्ध्या मिनिटासाठी त्याची तयारी करायची असते.

मग करायचे काय?

नवे घर बांधताना पुढील गोष्टी पाळल्या तर खर्च फारसा वाढत नाही.

भिंती शक्यतो खालपासून वरपर्यंत एकाच रेषेत आणि समोरासमोरच्या बाजूंना सारख्या असाव्यात. तळमजल्यावर दुकाने किंवा मोटारी हव्याच असतील, तर अभियंत्याकडून हिशेब करून घेऊन इमारतीच्या दोन्ही दिशांना, समतोल साधून, काही चौकटींत काँक्रीटच्या भिंती घालाव्यात. नुसते 'खांब जरा जाड करा' असे मिस्त्रीला सांगून काम होत नाही.

खांबांच्या उभ्या सळयांना आडव्या रिंगा आवळून धरतात. भूकंपरोधक बांधणीच्या संहितेप्रमाणे खांबाच्या दोन्ही टोकांजवळ या रिंगांमधले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावे आणि रिंगेची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळवावीत. काटकोनातली टोके बाहेरचे काँक्रीट निखळताच उघडतात. आत वळवलेली टोके काँक्रीटच्या गाभ्यात रुतून बसतात. हे काम फक्त हाताने थोडे जास्त वळवण्याचे आहे!

अर्धी भिंत बांधायचीच असेल तर ती आणि खांब यांच्यामध्ये फट ठेवून त्या फटीत मऊ पदार्थ भरता येतो. मात्र भिंत स्वतः आडवी पडू नये म्हणून तिला वेगळा आधार द्यावा लागतो. किंवा असा खांब आखूड आहे असे धरूनच त्याच्या पूर्ण उंचीत जवळजवळ रिंगा घालाव्या लागतात. अर्ध्या विटेच्या, म्हणजे साडेचार इंची भिंती आणि गच्चीचे कठडे यांनाही आधार हवा, कारण भूकंपात ते सपाट कोसळतात.

आणि सर्वांत सोपा नियम बांधून झालेल्या घरासाठी. दुकान मोठे करायचे म्हणून तळमजल्यावरची भिंत कोणालाही न विचारता फोडू नये. ती स्लॅबचा भार घेत नसेल, पण भूकंपात ती कोणता भार घेणार आहे, हे हिशेब केल्यावाचून सांगता येत नाही. तसेच, आधीच बांधलेल्या मोकळ्या तळमजल्यात नव्या भिंती कुठे घालायच्या, हेही अभियंत्यालाच ठरवू द्यावे. एकाच बाजूला भिंत घातली तर कोपऱ्यावरच्या दुकानाची गत होईल.

हे करून पाहा

चार-पाच मित्रमैत्रिणी मिळून, शिक्षकांच्या मदतीने आपल्या गावच्या एका रस्त्याची पाहणी करा. वहीत चार रकाने आखा. पहिल्यात, खालपासून वरपर्यंत सारख्या भिंती असलेल्या इमारती. दुसऱ्यात, तळमजला मोकळा किंवा सगळी शटरे असलेल्या. तिसऱ्यात, कोपऱ्यावरच्या आणि दोन बाजूंनी उघड्या. चौथ्यात, अर्ध्या भिंती आणि सलग खिडक्या असलेल्या. शेवटच्या रकान्यात आपल्या शाळेचे नाव घालावे लागते का, तेही प्रामाणिकपणे पाहा. घरमालकांना घाबरवू नका. इमारत पडेल की नाही, हे बाहेरून पाहून कोणीच सांगू शकत नाही. कोणत्या इमारती जाणकाराला दाखवायला हव्यात, एवढेच या पाहणीतून कळते. पाहणी पुरी झाली की शिक्षकांमार्फत ती ग्रामपंचायतीला किंवा नगरपंचायतीला द्या.

चौकट आणि पुठ्ठ्याचा प्रयोगही पुढे न्या. तीन चौकटी एकावर एक जोडून तीन मजली सांगाडा करा. आधी तिन्ही चौकटींत पुठ्ठे बसवून ढकला. मग फक्त सर्वांत खालचा पुठ्ठा काढून ढकला. कलणे कुठे गोळा होते ते डोळ्यांनी दिसेल.

आणि हा प्रयोग घेऊन एकदा त्या मिस्त्रीकाकांकडे जा. त्यांच्या हातात चौकट द्या, पुठ्ठा काढून आणि घालून दाखवा. ते अनुभवी असतात. एकदा हाताला जाणवले की त्यांना सूत्रांची गरज पडणार नाही. पुढच्या घराचे शटर बसवताना ते मालकाला विचारतील, "साहेब, या बाजूला एक भिंत राहू देऊ या का? इंजिनियरला विचारून घ्या एकदा." अहमदाबादला १९९७ ते २००१ या चार वर्षांत जे घडले नाही, ते हेच. जाणणाऱ्याचे ज्ञान बांधणाऱ्याच्या हातापर्यंत गेले नाही. ते नेण्याचे काम तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल.